कित्ते बजे?

रमजानला आठ दिवस होते तेव्हा पुण्याचा भाचा घरी आला. बॅगेतून त्याने जर्मनच्या वाटीएवढा एक गोल स्पीकर काढला आणि त्याच्यासोबत दोन प्लग. म्हणाला, "मुमानी, आता नानीजानला किचनमध्ये चाचपडायला नको. नुसतं बोलायचं, काम होतं."

आम्ही दोघेही शिक्षक. सकाळी साडेनऊला जालन्यातून निघतो, परतायला संध्याकाळचे सहा होतात. मधल्या वेळात घरी अम्मी एकट्या. वय बाहत्तर, दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. समोरचे थोडे दिसते, बाजूचे नाही. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांवर जपायची एवढेच. तरी त्या स्वयंपाकघर सोडायला तयार नाहीत. "अम्मी, आता राहू द्या," असे एकदा म्हटले तर दोन दिवस बोलल्या नव्हत्या. म्हणून भाच्याचा तो डबा आम्ही खेळणे म्हणून नाही, आशेने घेतला.

आपल्याकडे हे प्रकरण फार जुने नाही. ॲमेझॉनची अलेक्सा 2017 मध्ये भारतात आली आणि 2019 मध्ये हिंदी बोलू लागली. गूगलचा असिस्टंट 2018 मध्ये मराठी शिकला. आता दिवा, पंखा, ओव्हन असे बरेच काही आवाजावर चालणारे मिळते. जाहिरातीतल्या बाईचे हात कणकेने भरलेले असतात, ती हुकूम सोडते आणि सगळे सुरू होते. आमच्या स्वयंपाकघरात हुकूम ऐकणार कोण? गॅसची शेगडी, कुकर, मिक्सर, फ्रिज आणि माठ. कुकरच्या शिट्ट्या मोजायला तरी डबा कामाला येईल असे वाटले होते, पण त्या अजून घरातल्या माणसांनाच मोजाव्या लागतात.

प्लगचे काम विजेपुरते. चालू आणि बंद, बस्स. इंडक्शनला लावला तर इंडक्शन नुसती टूं करून बोटाची वाट बघत बसली, कारण तिची बटणे स्पर्शाची. मिक्सरला लावला तर मिक्सरचे बटण आधीच फिरवून ठेवावे लागते, मग तोंडाने सांगायचे. भांडे हातानेच भरायचे, झाकण हातानेच लावायचे, मग बटणानेच काय बिघडवले होते? उलट बटण तसेच राहिले, अम्मी पात्याजवळची चटणी बोटाने काढत आहेत आणि तेवढ्यात कोणी काही बोलले तर? त्याच संध्याकाळी मिक्सरचा प्लग काढून टाकला. दुसरा प्लग मोरीच्या वाटेवरच्या दिव्याला लावला. तो मात्र उपयोगी पडला. पहाटे अम्मी वजूला उठतात तेव्हा भिंत चाचपत बटण शोधावे लागत नाही.

आणखी एक गंमत. डब्याला इंटरनेट लागते आणि घरात इंटरनेट होते ते आमच्या मोबाइलचे. आम्ही मोबाइल घेऊन शाळेत गेलो की इकडे डबा मुका. ज्या वेळेसाठी आणला नेमका त्याच वेळेत! शेवटी वायफाय घेतले, म्हणजे दर महिन्याचा एक खर्च वाढला. लाइट गेली की तेही जाते आणि आपल्याकडे लाइट कधी जाईल ते काय सांगावे.

खरे सांगायचे तर शेगडीपाशी अम्मींच्या सगळ्यात जास्त कामी आला तो एम-सीलचा गोळा. शेगडीच्या प्रत्येक बटणावर, टोकाच्या बाजूला, हरभऱ्याएवढा चिकटवला. तो वर असला की गॅस बंद. बोट लावले की कळते. खर्च काही रुपयांचा, आणि ना वीज लागते ना वायफाय.

मग डब्याचा उपयोग काहीच नाही? आम्हीही तसेच म्हणणार होतो.

अम्मींची बोली आपली मराठवाड्याची दखनी. "अंडे रखी मैं, दस मिन्टां में बोल गे," असे त्या म्हणाल्या की डबा माफी मागायचा. आठवड्याभरात डबा काही शिकला नाही, अम्मीच शिकल्या. "दस मिनट का टाइमर लगाओ." एकेक शब्द सुटा करून, जणू वर्गात तपासणीला साहेब आलेत. आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशी पहिलीच्या वर्गात एक पोर उठून म्हणाले, "सर, मेरेकू पानी होना." तोंडावर आलेले नेहमीचे वाक्य, "नीट बोल," आम्ही गिळले आणि त्याला पाणी प्यायला सोडले. वीस वर्षांत असे किती वेळा म्हटले असेल, हिशेब नाही.

टाइमर बरा आहे. सहेरीचा गजर बरा आहे, वेळ मात्र मशिदीच्या तक्त्यावरूनच पाहायची. पण खरी गोष्ट एका रविवारी कळली. आम्ही बाहेरच्या खोलीत पेपर तपासत होतो आणि स्वयंपाकघरातून सारखे ऐकू येत होते, "टाइम क्या हुआ?" डबा सांगायचा. थोड्या वेळाने परत तेच. जोहरपर्यंत आम्ही अकरा वेळा मोजले.

भिंतीवरचे घड्याळ अम्मींना कधीचे दिसेनासे झाले आहे. पूर्वी त्या आम्हाला विचारायच्या, "कित्ते बजे गे?" आणि आमच्यापैकी कोणीतरी म्हणायचे, "अम्मी, अभी तो बताये ना." दुसऱ्या की तिसऱ्यांदा आवाज चढायचा. मग त्यांनी विचारणे सोडले. केव्हा सोडले ते आमच्या लक्षातही आले नाही. आता वाटते, त्या काळात नमाजची वेळ झाली का हे त्या अजानवर आणि अंदाजावर ठेवत असतील. डबा अकराव्या वेळीही त्याच आवाजात सांगतो. त्याला अदब आहे असे नाही, त्याला थकवा नाही. तरी कान कोंडल्यासारखे झाले. पेपर बाजूला ठेवून आत गेलो तर अम्मी शांतपणे मेथी निवडत होत्या.

आवाजाच्या उपकरणांचा उपयोग होतो का, असे शाळेत कोणी विचारले तर आम्ही आता आधी विचारतो, घरात कोणाला कमी दिसते का, कोणाचे हात चालत नाहीत का. तसे कोणी असेल तर स्पीकर घ्या, प्लगचा विचार नंतर करा. घरात सगळे धडधाकट असतील तर मोबाइल आहेच, तोही बोलून गजर लावतो.

मात्र एक गोष्ट भाच्याने सांगितली नव्हती. हाक ऐकू यावी म्हणून डब्याचे कान सतत उघडे असतात आणि हाक मारली की पुढचे बोलणे कंपनीच्या कॉम्प्युटरकडे जाते. कधी भलत्याच शब्दालाही तो हाक समजतो. 2019 मध्ये तर उघड झाले की ॲमेझॉन, गूगल, ॲपल या कंपन्यांसाठी काम करणारी माणसे अशी काही रेकॉर्डिंग ऐकत होती. स्वयंपाकघर म्हणजे घरातल्या बायकांची मन मोकळे करायची जागा. माहेरचे, सासरचे, कर्जाचे, दुखण्याचे सगळे तिथेच निघते. कान बंद करायचे बटण डब्यावर आहे, लाल दिवाही लागतो. पण तो दिवा अम्मींना दिसणार कसा?

हे त्यांना समजावून सांगितले, तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. परवा थोरल्या नणंदबाई मुलीच्या रिश्त्याचे बोलायला आल्या. चहा ठेवला, दार ओढून घेतले. अम्मींनी भिंतीला हात लावत वायर शोधली, पिन ओढून काढली आणि म्हणाल्या, "हौ, अब बोल गे."