तू हसतेस तेव्हाच बरी दिसतेस

नायगावच्या बीडीडी चाळीत तिसऱ्या मजल्यावर आमची 160 चौरस फुटांची खोली होती. आम्ही दोघी बहिणी. थोरली अंगाने जाड, धाकटीचा उजवा पाय लहानपणीच पोलिओने गेलेला. चाळीत आम्हाला नावाने हाक मारणारे थोडेच. थोरली 'टुणटुण', धाकटी 'लंगडी'. त्यात कुणाच्या मनात वाईट नाही, असे आई म्हणायची आणि आम्हीही तसेच धरून चाललो होतो.

हळदीच्या रात्री बेंजो सुरू झाला की बाया थोरलीला ओढून मधे आणायच्या. "टुणटुणशिवाय मजा नाय!" मग ती कंबर हलवायची, मुद्दाम धपकन पडल्यासारखे करायची. अख्खा मांडव हसायचा. घरी आल्यावर आई रात्री तिच्या गुडघ्यांना गरम तेल चोळत बसायची.

धाकटीला नाचायला कुणी बोलवत नसे. तिचे कौतुक वेगळे. "पाय असा, तरी तोंडावर बघा कायम हसू. नाहीतर आमची कार्टी!" दुसऱ्यांची पोरे दटावायला तिचे हसू कामी यायचे. ह्या हसऱ्या मुलीला पहाटे कॅलिपर चढवून, एका हातात टमरेल आणि दुसऱ्या हाताने भिंत धरून मजल्यावरच्या सामायिक संडासापर्यंत जावे लागे. उकिडवे तर बसताच येत नसे. पण हे बोलायची सोय नव्हती. एकदा बोलली, तर "पोरगी चिडकी झाली हल्ली" असे चार खोल्यांत झाले.

जिच्यावरून थोरलीला नाव पडले ती टुणटुण कोण, हे आम्हाला फार उशिरा कळले. तिचे खरे नाव उमादेवी. उत्तर प्रदेशातली अनाथ मुलगी, गायिका व्हायला मुंबईत आली. 1947 सालच्या 'दर्द' चित्रपटात नौशादच्या संगीतावर तिने गायलेले गाणे घरोघरी गाजले. चित्रपट कारदारांचा, आणि त्यांचा स्टुडिओ आपल्या परळलाच होता. पुढे गाणी कमी झाली. 1950 च्या 'बाबुल'पासून ती विनोदी कामे करू लागली, टुणटुण झाली. 2003 साली ती वारली. तिला गळा होता हे आमच्या थोरलीला तिच्या नावाने हाक मारणाऱ्या एकालाही माहीत नसावे.

ललिता पवारांचे उलटे झाले. 1942 साली चित्रीकरणात बसलेल्या थपडेने त्यांच्या डाव्या डोळ्यात अधूपणा आला आणि नायिकेची पुढे खाष्ट सासू झाली. ('अनाडी'तली मायाळू बाई त्यांनीच केली, पण लोकांच्या लक्षात सासूच.) जाड बाईने हसवायचे, डोळा अधू झालेल्या बाईने छळायचे. चारचौघींसारखे गप्प बसून राहायची मुभा दोघींनाही नाही.

1998 साली आई गेली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी जेवणे झाली, माणसे चटईवर बसली होती. थोरली भिंतीला टेकून बसलेली. नात्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "अगं, तू अशी तोंड पाडून बसलीस तर घर खायला उठतं. सांग काहीतरी आईचं गमतीचं." आणि तिने सांगितले. आई पहिल्यांदा लोकलमध्ये चढली तेव्हा चप्पल फलाटावरच राहिली, तो किस्सा. नक्कल करून सांगितला. सगळे हसले, धाकटीसुद्धा हसली. दिवे गेल्यावर आम्ही दोघी गॅलरीत उभ्या राहिलो आणि तोंडात पदर कोंबून रडलो, शेजारी जागे होऊ नयेत म्हणून.

मावशींना आम्ही दोष देत नाही. आमच्याकडे बघून माणसाला मनात कुठेतरी ओशाळल्यासारखे होते. आम्ही हसलो की ते फिटते, मग त्यांना सुखाने जेवता येते. आमचे हसू हे त्यांच्यासाठी होते, एवढेच. ते आम्ही वर्षानुवर्षे फुकट पुरवले, आणि थोरलीचे गुडघे कामातून गेले हे डॉक्टरने फोटो काढला तेव्हा घरच्यांना कळले. हसणाऱ्या माणसाला दुखते असे कुणाला वाटणार?

आता 'अपंग'चे 'दिव्यांग' झाले. 2016 च्या कायद्यात 7 ऐवजी 21 प्रकार आले. धाकटीला दाखला आहे, रेल्वेत वेगळा डबा आहे. जाडेपणा त्या यादीत नाही, तेव्हा थोरलीने जिन्यात दम खाल्ला तर लोक अजून "कमी खा" म्हणतात.

चाळीच्या पुनर्विकासासाठी खोली सोडली. आता आम्ही लिफ्टच्या इमारतीत भाड्याने राहतो. गेल्या महिन्यात जुन्या शेजाऱ्यांच्या मुलाची हळद होती. बेंजो वाजला, दोन बाया हात धरायला आल्या. थोरली म्हणाली, "नाही गं, गुडघे दुखतात. मी बसते."

बाया जराशा घुटमळल्या. एक म्हणाली, "टुणटुण रुसली वाटतं."

"रुसले नाही. दुखतंय," थोरली म्हणाली. धाकटीने शेजारची प्लास्टिकची खुर्ची ओढली, कॅलिपर काढून पाय मोकळा सोडला, आणि आम्ही दोघी सरबत पीत दुसऱ्यांचा नाच बघत बसलो.