धानाच्या पिशवीतला डीएनए

डीएनए घरी जपता येतो. गालाच्या आतून फिरवलेला बोळा किंवा गाळणकागदावरचा रक्ताचा थेंब सावलीत पूर्ण वाळवायचा, कागदी पाकिटात घालायचा आणि सिलिका जेलच्या पुडीसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात थंड जागी ठेवायचा. ओल राहिली की साखळी तुटत जाते, उरलेलं बुरशी खाते.

पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत हे पथ्य घरोघरी पाळलं जातं, फक्त धानासाठी. बियाण्याचं धान वेगळं काढून उन्हात कडक वाळवायचं, मग त्यात कडुनिंबाचा पाला घालायचा. दाण्यात त्या वाणाचा सगळा डीएनए असतोच, शिवाय अंकुराला पहिले काही दिवस पुरेल एवढी शिदोरीही.

नागभीड तालुक्यातल्या नांदेड या गावच्या दादाजी खोब्रागडे यांना 1983 साली आपल्या बांधीत, पटेल-3 या धानात, काही लोंब्या निराळ्या दिसल्या. जेमतेम दीड एकराचे धनी. त्यांनी त्या लोंब्या खुडून प्लास्टिकच्या पिशवीत वेगळ्या ठेवल्या. पुढच्या हंगामात तेवढेच दाणे पेरले, रानडुकरांपासून राखले, पुन्हा निवडले, पुन्हा पेरले. असं वर्षानुवर्षं. बारीक, चवदार तांदळाचं ते धान व्यापाऱ्यानं नेलं आणि तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळावरून त्याला एचएमटी म्हटलं.

मला त्या पिशवीपेक्षा पुढची पेरणी मोठी वाटते. इथल्या पावसाळी दमट हवेत पिशवीतलं धान दोन-चार वर्षांत उगवणं सोडतं. दाण्यातली ओल एका टक्क्यानं घटवली तर बियाण्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, म्हणून जनुकपेढ्या ते वाळवून उणे 18 अंशांना ठेवतात. त्या हव्यातच. पण तिथल्या दाण्याला यंदाचा लांबलेला पाऊस किंवा नवा तुडतुडा भेटत नाही. बांधीतल्या धानाला तो भेटतो, आणि जे टिकतं त्यातूनच पुढचं बियाणं निघतं.

घरी जपलेल्या डीएनएच्या पाकिटावर नाव-तारीख नसेल, तर आतला नमुना कुणाचा हे पुढं कुणी सांगू शकत नाही. एचएमटी देशभर गेलं, पण दादाजींचं नाव त्याच्यासोबत तेवढं गेलं नाही. 2005 साली राष्ट्रपती कलामांच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला. 3 जून 2018 रोजी, गडचिरोलीच्या शोधग्रामच्या दवाखान्यात त्यांचं निधन झालं. तांदळाच्या कट्ट्यांवर गिरणीचं नाव ठळक असतं. त्याखाली एक ओळ खोब्रागडे यांच्या नावाची छापायला किती शाई लागेल?