चाल पाठवल्यानंतर

गाणं तयार होण्याबद्दल आपल्याकडे भरभरून बोललं जातं. चाल कशी सुचली, आधी शब्द की आधी सूर, यावर मुलाखती रंगतात. पण तयार झालेली चाल निर्मात्याला, लेबलला किंवा गायकाला पाठवल्यानंतर उत्तर येईपर्यंत जे दिवस जातात, त्या दिवसांत काय करायचं हे कुणी शिकवत नाही. मी पुण्यात राहते आणि मराठी चित्रपट, मालिका व स्वतंत्र गाण्यांसाठी चाली बांधते. गाण्याचं नशीब बऱ्याचदा याच दिवसांत ठरतं, असं माझ्या पक्कं लक्षात आलं आहे.

माझे गुरुजी आकाशवाणीचे कलाकार. तिथे रीतसर स्वरचाचणी असते. अर्ज करायचा, बोलावणं आलं की गायचं, मग निकाल. बी, बी-हाय, ए, टॉप अशा श्रेणी ठरलेल्या. निकाल मनासारखा लागेलच असं नाही, पण लागतो. आम्ही ज्या बाजारात उभे आहोत तिथे ना अर्जाचा नमुना आहे, ना निकालाची तारीख. व्हॉट्सअ‍ॅपवर डेमो जातो, दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढे काहीच घडत नाही. आवडलं नसेल का? ऐकलं तरी असेल का? चाल उचलली तर जाणार नाही ना? रात्री झोप येऊ न देणारे हे प्रश्न प्रत्येक नव्या संगीतकाराला पडतात.

माझ्या बाबतीत हे प्रश्न माझ्या एकटीचे नसतात. माझी बरीच गाणी लिहिणारे कवी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात शाळामास्तर आहेत. दर रविवारी त्यांचा फोन येतो आणि हवापाण्याचं बोलून झालं की ते हळूच विचारतात, "काय म्हणतायत मुंबईवाले?" त्यांना देण्यासारखं उत्तर माझ्याकडे असायला हवं. ती जबाबदारी मला पाठपुराव्याला भाग पाडते. मी माझ्यासाठी मागते आहे असं वाटलं की जीभ जड होते. गाण्यासाठी आणि मास्तरांसाठी विचारायचं म्हटलं की संकोच उरत नाही.

समोरच्याच्या गप्प राहण्याचं कारण मला अंधेरीच्या एका स्टुडिओत दिसलं. एका मालिकेच्या शीर्षकगीताचं मिक्सिंग चालू होतं आणि संगीत संयोजकांची मदतनीस म्हणून मी तिथे होते. कार्यकारी निर्मात्या बाई मागच्या सोफ्यावर बसून फोन चाळत होत्या. "बघ गं, एवढं सगळं ऐकायचं राहिलंय," म्हणत त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. एकाखाली एक ऑडिओ फायली. कुणाचं नाव 'ऑडिओ', कुणाचं 'न्यू रेकॉर्डिंग', मग 'फायनल', 'फायनल टू', 'साँग फॉर मॅडम'. बरेचसे नंबर त्यांच्याकडे नावानिशी साठवलेलेच नव्हते. चहा येईपर्यंत त्यांनी एक गाणं लावलं. सुरुवातीला लांबलचक वाद्यमेळ होता. मुखडा येतो न येतो तोच काचेपलीकडून इंजिनिअरनं हाक मारली, "मॅडम, ढोलकी ऐकता का जरा?" त्या उठल्या आणि ते गाणं तिथेच राहिलं. चाल कशी होती हे त्यांना कळलंच नाही. मला मात्र त्या अनोळखी संगीतकाराची काळजी वाटत राहिली. तो घरी बसून आपल्या चालीत काय कमी पडलं याचा विचार करत असणार, आणि त्याची चाल तर ऐकलीच गेलेली नव्हती.

तेव्हापासून माझा एक नियम ठरला. आपण पाठवलेल्या प्रत्येक निरोपानं समोरच्याचं काम थोडं हलकं व्हायला हवं. पाठपुराव्याची तयारी म्हणूनच पहिल्या निरोपापासून सुरू होते. फायलीच्या नावात गाण्याचं नाव, संगीतकार, गीतकार आणि महिना असतो. डेमोत पहिल्या काही सेकंदांत मुखडा येतो, वाद्यमेळ नंतर. शब्द वेगळ्या पानावर, स्वच्छ देवनागरीत. पट्टी कोणती, टेम्पो किती, स्क्रॅच कुणी गायलं आहे, हे एका ओळीत. लिंक अशी की चार महिन्यांनी उघडली तरी चालेल. आणि शेवटी, हे गाणं सध्या कुणालाही दिलेलं नाही, हे स्पष्ट.

मग येतो दुसरा निरोप. 'ऐकलंत का?' हा प्रश्न मी विचारत नाही, कारण त्याला 'नाही' म्हणायला माणसाला अवघड वाटतं आणि तो उत्तरच टाळतो. त्याच बाईंना मी पावसाचं एक द्वंद्वगीत पाठवलं होतं. त्यावर त्या फोनवर ओझरतं म्हणाल्या होत्या की अंतरा लांबतोय. काही आठवड्यांनी मी लिहिलं: "नमस्कार ताई. पावसाच्या द्वंद्वगीताचा अंतरा तुम्ही म्हणालात तसा लहान करून नवा डेमो जोडला आहे, ३ मिनिटं १० सेकंदांचा. चित्रपटासाठी विचार होणार असेल तर महिनाअखेरपर्यंत कळवाल का? नसेल तर 'नको' एवढंच लिहिलंत तरी चालेल, म्हणजे मी ते दुसरीकडे दाखवीन."

संध्याकाळी उत्तर आलं. "तो प्रसंगच काढून टाकला गं. पण तुझ्याकडे ओवीच्या अंगाचं काही आहे का? बाईच्या आवाजात, वाद्यं नकोत." माझ्याकडे होतं. जात्यावरच्या लयीत बांधलेली एक चाल होती, शब्द मास्तरांचेच. त्याच रात्री तानपुऱ्यावर गाऊन पाठवली. चित्रपटात ती जेमतेम मिनिटभर वाजते, पण श्रेयनामावलीत मास्तरांचं आणि माझं नाव शेजारी शेजारी आहे. द्वंद्वगीताला मिळालेल्या नकारातूनच ओवीचं दार उघडलं. विचारलं नसतं तर तो नकार मिळाला नसता आणि ओवीही कुणी मागितली नसती.

कधी विचारायचं याला मात्र दिनदर्शिका डोळ्यांसमोर लागते. गणपतीची गाणी भाद्रपदात वाजतात, पण ती कोणती वाजणार हे माझ्या ओळखीच्या लेबलांकडे आषाढाच्या आधीच ठरत आलेलं असतं, कारण ध्वनिमुद्रण, चित्रीकरण आणि जाहिरात हे सगळं मधल्या काळात उरकायचं असतं. वारीच्या अभंगाबद्दल आषाढ लागल्यावर विचारण्यात काही हशील नाही. चित्रपटात ज्या गाण्यावर कलाकारांना ओठ हलवायचे असतात ते चित्रीकरणाआधी मुद्रित व्हावं लागतं. चित्रीकरण सुरू झाल्यावर त्या गाण्याचा पाठपुरावा संपलाच. पार्श्वभूमीला वाजणारं किंवा प्रसिद्धीसाठी लागणारं गाणं मात्र संकलनाच्या टेबलावर उशिराही ठरू शकतं, म्हणून तेव्हा विचारण्यात अर्थ असतो. चित्रपट बहुधा शुक्रवारी लागतात. ज्यांचा चित्रपट लागतो आहे त्यांना त्या आठवड्यात मी अभिनंदनाखेरीज काही लिहीत नाही. स्वतंत्र गाण्याचं गणित आणखी वेगळं. स्पॉटिफायच्या संपादकांना गाणं सुचवायचं ते प्रदर्शनाआधीच, आणि किमान ७ दिवस आधी सुचवावं असं ते सांगतात. गायक किंवा वितरक यांच्याकडे उत्तर मागताना मी हीच तारीख पुढे ठेवते. तारखेला कारण असलं की ती कुणाला तगादा वाटत नाही.

माध्यमाचंही तसंच. ओळख व्हॉट्सअ‍ॅपवर होते, पण डेमो आणि ठरलेली प्रत्येक गोष्ट मी ईमेलवर पुन्हा पाठवते. फोन करण्याआधी 'पाच मिनिटं बोलता येईल का, कधी करू?' असं विचारते. आमच्या क्षेत्रात सगळे एकमेकांना दादा, ताई, सर म्हणतात. त्या जवळिकीमुळे कामाचं बोलणं सैल पडू नये, याची काळजी घ्यावी लागते. दादा म्हटलं तरी तारीख लिहून मागता येते.

माझ्या टेबलावर लाल कापडी बांधणीची एक वही असते, दुकानदार खतावणीला वापरतात तशी. डावीकडे गाणं, मग कुणाला पाठवलं, कोणता डेमो, कोणत्या तारखेला, ते काय म्हणाले. शेवटचा रकाना 'पुढे काय' असा. त्या रकान्यात काही ना काही लिहिल्याशिवाय मी वही मिटत नाही. 'श्रावणात विचारणे', 'गायकाचा दौरा संपल्यावर', 'मोकळं करणे'. एकदा ते तिथे लिहिलं की डोक्यात घोळत राहत नाही आणि मी पुढच्या चालीकडे वळू शकते.

'मोकळं करणे' ही त्या वहीतली सगळ्यात महत्त्वाची नोंद. एका लेबलकडे आमचं एक गाणं बरेच महिने 'बघतो आहोत' या उत्तरावर पडून होतं. करार नव्हता, पैसे नव्हते, नकारही नव्हता. मी ईमेल केलं: "या गाण्याचा आपल्याकडे सध्या विचार नाही असं धरून मी येत्या १ तारखेपासून ते इतरांना दाखवते आहे. तुमच्याबरोबर काम करण्याची इच्छा कायम आहे." उत्तर आलं नाही. पुढे नाशिकच्या एका तरुण गायिकेनं ते गायलं, मनापासून गायलं. काही महिन्यांनी लेबलमधून फोन आला, "ते गाणं आहे ना अजून?" मी म्हटलं, "दादा, ते दिलं. तुम्हाला ईमेलनं कळवलं होतं." त्यांनी शोधून पाहिलं आणि म्हणाले, "हो, बरोबर आहे. नवीन काय आहे?" कुणाचं मन दुखावलं नाही, कारण सगळं वेळेवर आणि लेखी होतं.

लेखी असण्याचा दुसरा फायदा हक्कांचा. चाल चोरीला जाईल या धास्तीनं कित्येक जण डेमो पाठवतच नाहीत. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार कृती निर्माण होताच हक्क निर्माण होतो, नोंदणी सक्तीची नाही. तरी तारीख असलेलं ईमेल आणि मूळ फाइल हा जवळ ठेवण्यासारखा पुरावा आहे. मास्तर आणि मी गाणं बाहेर पाठवण्याआधी आपसातला वाटा एका कागदावर लिहून सह्या करतो. २०१२मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. त्या दुरुस्तीसाठी जावेद अख्तर यांनी राज्यसभेत आणि बाहेर मोठा लढा दिला. त्या दुरुस्तीमुळे चित्रपटगृहाबाहेर गाण्याचा जो वापर होतो त्याच्या स्वामित्वधनात गीतकार-संगीतकाराचा समान वाटा आहे, आणि वारसांना किंवा वसुली करणाऱ्या कॉपीराइट संस्थेला सोडून तो दुसऱ्या कुणाला देऊन टाकता येत नाही. हे माहीत असलं की करारातला तसा मजकूर वाचून 'सर, हे कलम बदलून घेऊ या' असं शांतपणे लिहिता येतं.

म्हणून होकार आल्यावरही माझा पाठपुरावा थांबत नाही. करार आला का, त्यात गाण्याचं नाव बरोबर आहे का, बिल पोचलं का, गाणं अपलोड होताना श्रेयात गीतकाराचं नाव नीट लिहिलं आहे का, ध्वनिमुद्रणाचा १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक मिळाला का. १९६९मध्ये स्थापन झालेल्या आयपीआरएस या संस्थेचे आम्ही दोघं सभासद आहोत. तिथे गाण्याची नोंद आपल्याला स्वतः तपासावी लागते. नाव चुकलं तर पैसे चुकीच्या ठिकाणी अडकतात, आणि ते सोडवणं डेमो ऐकायला लावण्यापेक्षा कठीण असतं. मास्तरांच्या खात्यात पहिल्यांदा स्वामित्वधन जमा झालं तेव्हा रक्कम लहान होती. त्यांनी ते पासबुक शाळेत नेऊन मुलांना दाखवलं. कवितेलाही मोल असतं हे पोरांना कळावं, एवढाच त्यांचा हेतू होता.

आता मलाही चाली येतात. संगीताच्या वर्गातली मुलं, कोल्हापूर-लातूरकडचे तरुण संगीतकार विश्वासानं डेमो पाठवतात. मी प्रत्येक डेमो ऐकते आणि उत्तर देते, बहुतेक वेळा नकाराचं. 'मुखडा छान आहे, पण मला आत्ता अशा गाण्याची गरज नाही, दुसरीकडे जरूर दाखव,' एवढं लिहायला कितीसा वेळ लागतो? ते वाचून समोरचं पोर पुन्हा हार्मोनिअमला बसतं. निर्माते, लेबलचे अधिकारी, मोठे गायक, ज्यांच्या फोनमध्ये अशा फायली साठल्या आहेत, त्या सगळ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. आवडलं नाही तर 'नको' म्हणा, पण म्हणा. विचारणं हे आमचं काम आहे आणि आम्ही ते करत राहू. उत्तर देणं हे तुमच्या कामाचा भाग आहे, तेवढं तुम्ही करा.