मागे बसलेला माणूस

मैफलीच्या जाहिरातीत तबलजीचे नाव कोठे छापतात, हे आपण कधी पाहिले आहे काय? गायकाचे नाव ठसठशीत अक्षरांत. त्याखाली उद्घाटक, मग प्रमुख पाहुणे, मग मंडप आणि ध्वनिक्षेपकाची व्यवस्था ज्यांनी केली ते. आणि एवढे करून जागा उरलीच, तर एका कोपऱ्यात ‘तबला-साथ’ असे लिहून एक नाव. आमच्या अचलपुरात एका कार्यक्रमाच्या वेळी तेही राहून गेले. तबलजी हसून म्हणाले, “असू द्या सर, छापलं नाही तरी ऐकू तर येणारच आहे!”

त्यांचे म्हणणे खरे होते. श्रोत्यांचे डोळे गायकाकडे असतात, पण त्यांचे पाय मागे बसलेल्या माणसाच्या ताब्यात असतात. समेवर आपली मान जी हलते, ती गायकाने हलवली असे आपल्याला वाटते. ती हलवणारा निराळाच असतो.

मी मराठीचा प्राध्यापक. वर्गात छंद आणि वृत्ते शिकवताना ‘यति’ शिकवावा लागतो. यति म्हणजे ओळीतली थांबण्याची जागा. मुले विचारतात, “सर, जिथे काहीच नाही ते लक्षात काय ठेवायचे?” त्या वेळी मला खडू-फळा सोडून त्यांना एखाद्या भजनाला न्यावेसे वाटते. चांगला वादक ओळखावा तो त्याच्या वाजवण्यावरून नव्हे, न वाजवण्यावरून. कोठे हात उचलून धरायचा आणि गाणाऱ्याला कोठे मोकळे रान द्यायचे, हे ज्याला कळले, त्याच्या हाती साऱ्या ताफ्याचा आवाज येतो.

गंधर्व नाटक मंडळीचेच उदाहरण घ्या. १९१३ साली निघालेल्या या मंडळीची आठवण काढताना आपल्या आजी-आजोबांना बालगंधर्वांचे शालू आठवत, अत्तराचा घमघमाट आठवे, रात्र संपेपर्यंत चाललेले ‘वन्स मोअर’ आठवत. पण रंगमंचापुढे बसणाऱ्या साथीदारांकडे जरा पाहा. ऑर्गनचे भरीव सूर, कादरबक्षांची सारंगी आणि तबल्यावर अहमदजान थिरकवाँ! मुरादाबादचा हा कलावंत. बोटे तबल्यावर थिरकतात म्हणून ‘थिरकवाँ’ हे नाव पडले आणि तेच जगाने लक्षात ठेवले. एकटा तबला मांडून सबंध सभा खिळवून ठेवणारा हा माणूस नाटकाच्या पदांना साधा ठेका धरून बसे. पुढे १९७० साली त्यांना पद्मभूषण मिळाले. एवढे वैभव हातात असताना ते मुठीत झाकून ठेवायचे आणि नेमक्या क्षणी मूठ उघडायची, हे काय सोपे काम आहे? बालगंधर्वांचा गळा नाजूक वळणांचा. त्यामागे धडाड् वाजवणारा कोणी बसला असता, तर त्या वळणांचे काय झाले असते?

कुमार गंधर्वांच्या मागे वसंतराव आचरेकर बसत. त्यांचा ठेका ऐकताना तबला ‘वाजतो आहे’ असे वाटतच नाही. घरात समई तेवत असावी, तसा तो मागे असतो. समई विझल्यावरच कळते की उजेड कोणाचा होता. चित्रपटाच्या दुनियेत तर एका वादकाचे नाव ठेक्यालाच चिकटले. शंकर-जयकिशन यांचे सहायक दत्ताराम वाडकर यांच्या ढोलकावरच्या ठेक्याला वादक मंडळी आजही ‘दत्ताराम ठेका’ म्हणतात. संगीतकार दुसरे, गायक तिसरे. पण पहिल्या चार मात्रांत गाण्याची ओळख पटते ती या चौथ्यामुळे.

आमच्या चिरंजीवांना हे सारे जुनेपुराणे वाटते. ते अभियांत्रिकीला आहेत आणि कानात सदैव काहीतरी घालून असतात. एकदा मी विचारले, “काय ऐकतोस?” म्हणाला, “बीटल्स.” मग त्यानेच मला सांगितले की त्या चौघांतला रिंगो स्टार सर्वांत शेवटी, १९६२च्या ऑगस्टात, आला. बाकीचे तिघे आधीपासून एकत्र होते. आधीच्या ड्रमवाल्याला काढून त्यांनी याला घेतले. आणि गंमत अशी, की रिंगो मूळचा डावखुरा, पण ड्रम मांडलेले उजव्या हाताच्या माणसासाठी. त्यामुळे एका ड्रमवरून दुसऱ्यावर जाताना त्याचा हात इतरांहून निराळ्या वाटेने जाई आणि त्या आडवाटेतून एक निराळाच डौल निघे. मी म्हटले, “म्हणजे तुमच्या विलायतेतही मागे बसलेल्या माणसाचेच राज्य!” चिरंजीव हसले, मान्य मात्र केले नाही.

आमच्या वऱ्हाडात मात्र एक नवल घडले. येथे मागे बसणारा माणूस उठून पुढे आला आणि त्याच्या हातात खंजिरी होती! यावलीला १९०९ साली जन्मलेले तुकडोजी महाराज. लाकडाचे एक कडे, एका बाजूने मढवलेले कातडे आणि कड्याच्या खाचांत पितळी झांजा, एवढेसे वाद्य. पण शब्द आणि ठेका एकाच देहातून निघू लागले, तेव्हा शब्दांना निराळेच बळ आले. मोझरीला १९३५ साली गुरुकुंज उभा राहिला, १९५५ साली ‘ग्रामगीता’ आली, आणि खंजिरी तर गावोगाव गेली. महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गेले. माझा जन्म त्यानंतर तब्बल एका तपाने झाला. तरीही मी त्यांच्या खंजिरीच्या आवाजात वाढलो, असे म्हणायला हरकत नाही. कारण तो आवाज आमच्या गल्लीत दर गुरुवारी येत असे.

आमच्या गल्लीतल्या भजन मंडळात चौदा माणसे. पेटीवर एक निवृत्त मास्तर, टाळकरी, दोन खड्या आवाजाचे गायक, आणि खंजिरीवर ज्यांना सारे जण नुसते ‘काका’ म्हणत ते. काका शिवणकाम करीत. हिवाळ्यात सातपुड्यावरून गार वारे सुटले, की कातडे सैल पडे. मग भजनाआधी काका शेगडीपाशी बसून खंजिरी शेकत. मधूनच बोटाने टिचकी मारीत आणि कान लावीत. पोळी भाजणारी बाई जशी पोळी फुगण्याची वाट पाहते, तसे ते त्या आवाजाची वाट पाहत. तो मिळाल्यावाचून भजन सुरू होत नसे. मग मास्तरांनी कितीही घड्याळ दाखवो.

गेल्या वर्षी काकांच्या उजव्या अंगावरून वारे गेले. जीव वाचला, हात गेला.

मंडळापुढे प्रश्न पडला. आमच्या चिरंजीवांनी उत्साहाने उपाय सुचवला : मोबाइलमध्ये ठेका मिळतो, हवा तो ताल, हवी ती लय, चूक म्हणून नाही. तीन-चार गुरुवार तसे झाले. ठेका अगदी बिनचूक होता आणि भजन मात्र उभेच राहीना. आमच्यातल्या थोरल्या गायकांचे वय सत्तरीच्या पुढे. ओळीच्या शेवटी त्यांना श्वास घ्यायला अर्धा क्षण जास्त लागतो. काका तो अर्धा क्षण झांजेच्या किणकिणीत अलगद झाकून टाकीत. यंत्र कशाला थांबेल? शिवाय भजन चढत जाते ते घाटातल्या वाटेसारखे, कोठे चढलो ते कळत नाही. मोबाइलची लय वाढवायची, तर बटन दाबावे लागे आणि सारे जण जिन्याची पायरी चुकल्यासारखे दचकत. मूर्तिजापूरहून येणारी आमची ‘शकुंतला’ आता बंद आहे. पण लहानपणी त्या चिमुकल्या गाडीच्या तालावर आम्ही गाणी म्हणत असू. चढ आला की गाडी मंद होई, आमचे गाणेही मंद होई. आणि कोणाचेच काही चुकले असे वाटत नसे.

मग कुरबुरी सुरू झाल्या. पेटीवाले म्हणत, गायक पळतात. गायक म्हणत, टाळ पडतात. चौदाचे नऊ झाले, नवाचे सहा. अखेर एका गुरुवारी सहा जणांनी असा विषय काढला, की मंडळ बंद करून पेटी आणि टाळ देवळाला देऊन टाकावेत. चाळीस वर्षांचा संसार दहा मिनिटांत मोडायला निघाला होता. इतकी वर्षे आम्ही समजत होतो की मंडळ गायकांच्या गळ्यावर चालले आहे!

ती वार्ता काकांच्या कानी गेली. पुढच्या गुरुवारी नातीच्या खांद्यावर डावा हात ठेवून ते आले. नात आठवीतली. खंजिरी तिच्या हातात दिली आणि काका तिच्याशेजारी टेकून बसले. पोरीने आजोबांच्या बोटांकडे पाहत सुरुवात केली. ती अडखळली. काका म्हणाले, “माह्या हाताकडे पाहू नोको, बाई. गाणाऱ्याचा दम आइक.”

पोरीने मान वर केली आणि गायकांकडे पाहिले. काकांचा डावा हात तिच्या गुडघ्यावर हलके पडत होता. जेथे थांबायचे तेथे नुसता टेकून राहत होता. दुसऱ्या कडव्यापर्यंत टाळ जुळले. ओळीच्या शेवटी गायकांनी श्वास घेतला आणि पोरीने तो अर्धा क्षण झांजेत झाकला. पेटीवाल्या मास्तरांनी चष्मा काढून पुसला. देवळाला पेटी द्यायचा विषय त्या दिवशी कोणी काढला नाही, त्यानंतरही नाही.

आता मंडळात अकरा जण येतात. आवाज पूर्वीसारखा नाही, हे सांगितले पाहिजे. काकांची खंजिरी घुमत असे, पोरीची खणखणते. तिला द्रुत लय आवडते, त्यामुळे आमची संथ भजनेही जरा चपळ झाली आहेत आणि थोरले गायक कुरकुरत का होईना, तरुण झाले आहेत. काकांना मी विचारले, “तुमच्यासारखे वाजवायला शिकवत का नाही तिला?” ते म्हणाले, “मायासारखं वाजवून काय करन थे? मंडळ आता तिचं हाये.”

येत्या कार्तिकात मंडळाचा कार्यक्रम आहे. पत्रिकेचा मजकूर लिहायचे काम मराठीचा प्राध्यापक म्हणून माझ्याकडे आले आहे. मी खंजिरीवालीचे नाव सर्वांत वर घातले आहे. गायक मंडळी रागावली आहेत. पण गुरुवारी ठेका सुरू झाला, की त्यांच्या माना आपोआप डोलतील, याविषयी मला मुळीच शंका नाही.