तंजावरचा सरस्वती महाल आणि आमचे काका

तंजावरास जाणारा महाराष्ट्रीय प्रवासी प्रथम बृहदीश्वराच्या देवालयाकडे वळतो, आणि तें योग्यच आहे. राजराज चोळानें इ. स. १०१०च्या सुमारास पूर्ण केलेलें तें उत्तुंग शिखर पाहून मन थक्क होतें. आणि त्याच आवाराच्या भिंतीवर १८०३ सालीं कोरविलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास दिसला म्हणजे परमुलखांत आपलें माणूस भेटल्यासारखें वाटतें. परंतु पुष्कळांची यात्रा तेथेंच संपते. तेथून थोड्या अंतरावर, जुन्या राजवाड्याच्या आवारांत, सरस्वती महाल नांवाचें ग्रंथालय आहे. मीं तंजावरचा प्रवास केला तो मुख्यतः त्याच्यासाठीं; आणि खरें सांगावयाचें तर, माझ्या एका दिवंगत सहकाऱ्यासाठीं.

पुण्याच्या ज्या ग्रंथालयांत माझी नोकरी झाली, तेथें हे गृहस्थ माझ्या पुष्कळ आधींपासून होते. लहानथोर सारे त्यांना ‘काका’ म्हणत. काम सूची करण्याचें. परंतु जीव गाण्यांत आणि चित्रांत. सवाई गंधर्व महोत्सव रात्र रात्र चालत असे त्या काळीं, पहांटेपर्यंत गाणें ऐकून ते घरीं जात, स्नान करीत, आणि वेळेवर आपल्या मेजाशीं हजर होत. गायनावरील पुस्तकाची नोंद करतांना त्यांत कोणकोणते राग आले आहेत, हें ते कार्डाच्या पाठीमागें बारीक अक्षरांत लिहून ठेवीत. फाटलेलीं चित्रें खळ लावून इतक्या हळुवारपणें सांधीत कीं, जोड कोठें आहे तें शोधावें लागे.

एकदां एका जुन्या वाड्यांतून मोडी कागदांचीं तीन गांठोडीं आमच्याकडे आलीं. कोणास वाचतां येत नव्हतीं, ठेवावयास जागाही नव्हती. तेव्हां तीं परत पाठवावीं असें ठरत होतें. काकांनीं तीं मागून घेतलीं, आणि सबंध पावसाळा काम आटोपल्यावर दोन दोन तास बसून तीं लावलीं. देण्याघेण्याच्या हिशेबांत त्यांना कीर्तनांतील पदांची एक वही सांपडली. प्रत्येक पदावर राग आणि ताल घातलेला! ती त्यांनीं आम्हांस वाचून दाखविली, आणि मग हलक्या आवाजांत म्हणूनही दाखविली. “हें नुसतें जपून भागायचें नाहीं हो, कोणीतरी म्हटलें पाहिजे,” एवढेंच बोलून ते पुन्हां कामास लागले. तंजावरचें नांव मीं त्याच दिवशीं त्यांच्या तोंडून ऐकलें. तिकडे जाण्याचा त्यांचा बेत दर वर्षीं ठरे. परंतु कधीं मुलीचें लग्न, कधीं आईचें दुखणें, असें होतां होतां तो कायमचाच राहून गेला.

काकांना त्या जागेची एवढी ओढ कां होती, तें तेथें गेल्यावर ध्यानांत आलें. सुमारें ४९,००० हस्तलिखितें तेथें आहेत; त्यांत संस्कृत सर्वांत अधिक, मराठी ३,०००च्या वर. हा संग्रह वाढविण्याचें मोठें श्रेय दुसरे सरफोजी (१७९८–१८३२) यांचें. १७९९च्या तहानें राज्यकारभार कंपनी सरकारकडे गेला. सत्ता गेलेल्या त्या राजानें आपलें लक्ष विद्येकडे वळविलें. १८२० सालीं ते काशीयात्रेस निघाले, आणि त्या यात्रेंतूनही त्यांनीं पोथ्या जमविल्या. संगीत तर त्या घराण्याच्या रक्तांतच होतें. पहिले तुळजाजी यांनीं ‘संगीतसारामृत’ हा संस्कृत ग्रंथ रचिला. शहाजी राजे (१६८४–१७१२) यांच्या नांवावर ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हें मराठी नाटक आहे. म्हणजे विष्णुदास भाव्यांच्या १८४३च्या ‘सीतास्वयंवरा’पूर्वी सव्वाशें वर्षांहून अधिक! स्वतः सरफोजींची ‘देवेंद्र कुरवंजी’ तर पृथ्वीचा भूगोल पदांतून शिकविते. येथील प्रदर्शनांत सचित्र गजशास्त्र आहे, आणि शार्ल ल ब्रं या फ्रेंच चित्रकाराचीं माणसांच्या व पशूंच्या मुद्रांचें साम्य दाखविणारीं चित्रेंही आहेत. वैद्यक, हत्ती, भूगोल, चित्र आणि राग यांची अशी एकत्र वस्ती पाहून मला पदोपदीं काकांच्या कार्डांची आठवण झाली.

१९१८ सालीं हा खाजगी संग्रह सर्वांसाठीं खुला झाला. दार उघडलें, परंतु मोडी रुमालांपुढें उघड्या दारानेंही काय होणार? वाचणारा हवा. काका शेवटचीं चार वर्षें दर रविवारीं आपल्या घरीं मोडी शिकवीत. सात जण आरंभास होते, दोघें टिकलीं. त्यांतील एक मुलगी या प्रवासांत माझ्याबरोबर होती. कांचेखालच्या एका मोडी कागदापुढें ती थांबली, आणि प्रथम अडखळत, मग सरळ, तिनें चार ओळी वाचल्या. शेजारीं उभें असलेलें एक तमिळ कुटुंब कौतुकानें ऐकत राहिलें.

वाचकांपैकीं कोणी तंजावरास गेले, तर देवळाइतकाच वेळ या महालासाठीं राखून ठेवावा. आणि आपल्याच घरीं माळ्यावर मोडी कागदांचें एखादें गांठोडें पडलें असेल, तर तें रद्दींत देण्यापूर्वीं मोडी जाणणाऱ्या एखाद्या माणसास अवश्य दाखवावें. त्यांत हिशेबच निघतील, हें बहुधा खरें. पण पदांची वही अशा हिशेबांतच होती.