बाटल्यांचा बंब

चि. मुक्ता,

गच्चीतलं ते काळं धूड व्हिडिओवर पाहून "काका, हे काय भंगार मांडलंय?" म्हणालीस. भंगारच आहे ते, पण त्यातून पाणी तापतं.

कल्पना माझी नाही, ब्राझीलची आहे. तिथल्या दक्षिणेकडच्या तुबारांव गावी जोझे आलानो म्हणून एक निवृत्त मेकॅनिक. दुधाची खोकी, प्लास्टिकच्या बाटल्या कचऱ्यात फेकायला नवरा-बायकोचं मन धजेना, आणि गावात त्या घेणारं कोणी नव्हतं. घरात ढीग साचला. २००२ साली त्यांनी त्याचाच सोलर हीटर केला. साधारण १०० बाटल्या, १०० खोकी. म्हणजे गरज गरम पाण्याची नव्हती, अडगळ मार्गी लावायची होती! मला तर हाच भाग फार आवडतो. तिकडे घरोघरी शॉवरलाच विजेची कॉइल असते आणि ती बिल फुगवते, त्यामुळे युक्ती पसरायला वेळ लागला नाही.

बाटल्यांची बुडं कापून त्या एकीत एक अडकवायच्या. आतून पाइप, पाइपाला लागून काळं रंगवलेलं खोकं. बाटली ऊन आत येऊ देते, वारा नाही. तापलेलं पाणी हलकं होऊन आपसूक टाकीत चढतं, गार पाणी खाली उतरतं. पंप नको, वीज नको. टाकी तेवढी वरच्या अंगाला हवी. ते लोक पॅनेलचं तोंड उत्तरेला करतात, आपण दक्षिणेला.

आपलं दूध पिशवीतलं, खोकी कुठून आणणार? मी तेलाच्या डब्यांचा पत्रा कापला आणि त्याला शाळेच्या फळ्याचा रंग दिला. चकचकीत रंग ऊन परतवतो. बाटल्या मंगल कार्यालयातून मिळाल्या. सगळ्या एकाच घाटाच्या लागतात, हे निवडणं फार किचकट.

पाणी उकळत नाही, आणि उकळूही नये, पीव्हीसीचा पाइप मऊ पडतो. आंघोळीपुरतं होतं. खरी पंचाईत आपल्या सवयीची: पाणी तापतं दुपारी आणि आपण नाहतो सकाळी. म्हणून टाकीभोवती थर्माकोल आणि पोती. तरी आजीचं पालुपद चालूच, बंबाच्या पाण्याची सर नाही. पावसाळ्यात तिचंच खरं होतं. तेव्हा बंबच पेटवतो.

तू मात्र कॅनडात हे करू नकोस. पाणी गोठलं की पाइप फुटलाच. तिथे हवा तापवायची. कोल्ड्रिंकच्या ॲल्युमिनियम डब्यांना वर-खाली भोकं पाडून ते एकावर एक चिकटवायचे, काळे रंगवायचे, पेटीत बसवून पुढे काच लावायची. पेटी दक्षिणेच्या भिंतीला बाहेरून. खोलीतली गार हवा भिंतीतल्या खालच्या भोकातून पेटीत शिरते, ऊबदार होऊन वरच्या भोकातून परत येते. छोटा पंखा असला तर उत्तम. रात्री झडप बंद कर, नाहीतर खोलीतलीच ऊब बाहेर जाईल.

भिंतीला भोक पाडण्याआधी घरमालकाला विचार. आणि डबे कापताना जाड हातमोजे घाल, कडा पात्यासारख्या असतात.

तुझा,
काका