वरचं टिंब

कराडला लागून असलेल्या मलकापुरात एक छोटा प्रोग्रॅम आकार घेतोय: साधा मजकूर टाइप करावा, स्वरलिपी उमटावी. अडलंय ते टिंबाशी.

भातखंडे पद्धतीत स्वरावरचं टिंब म्हणजे तारसप्तक. पलुसकर पद्धतीत तेच मंद्राचं. शिवाय तार षड्ज टाइप केला, की संगणक टिंबाला अनुस्वार समजून 'सां' म्हणून मोकळा! कोमल निषाद मंद्रात उतरला, की भातखंड्यांची आडवी रेघ आणि टिंब एकाच जागेसाठी भांडतात.

कराडची कृष्णा पुढे ज्या कुरुंदवाडजवळून जाते, तिथे १८७२ साली या दुसऱ्या पद्धतीचे जनक पलुसकर जन्मले. गाणं शिकले मिरजेला, गुरू बाळकृष्णबुवांकडे. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. तालीम कानांनी घेतलेल्या शिष्याला कागदाची ओढ लागावी, याचं नवल वाटत राहतं.

प्रोग्रॅमला मींडेची कमान अजून जमलेली नाही. तूर्त तिच्या जागी कंस.